कोपऱ्यात ठेवलेला अ‍ॅम्प

‘खास डबल बेससाठी’ म्हणून विकायला काढलेला एक वापरलेला अ‍ॅम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारी पेटी, मी घेतला आणि चांगलीच फसले. पैसे गेले ते गेलेच. त्याहून जास्त लागलं ते हे, की पुढचे चार महिने मी माझ्याच वाद्यात आणि माझ्याच हातात खोट शोधत बसले. परवा त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. फोटोतला अ‍ॅम्प वेगळा आहे, पण खालचा गालिचा तोच आणि खोलीचा कोपराही तोच. आता गप्प बसवत नाही.

मी छोट्या जॅझ कार्यक्रमांत वाजवते. पियानो, ड्रम्स, डबल बेस (व्हायोलिनच्या घडणीचं, उभं धरून वाजवायचं मोठं वाद्य), कधी जोडीला सॅक्सोफोन, समोर तीस-चाळीस माणसं. ड्रमर ब्रशनं वाजवतोय तोवर बेस नुसत्या लाकडाच्या जोरावर कसाबसा ऐकू जातो. त्यानं काठ्या हातात घेतल्या की संपलं. एवढं मोठं वाद्य, तरी आवाज का पुरत नाही, असं लोक विचारतात. ई ची मोकळी तार, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, 41 हर्ट्झला वाजते आणि त्या सुराची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. तिच्यापुढे बेसचं पोटही लहानच. ही अडचण फार जुनी आहे. 1940 च्या दशकात एव्हरेट हल या वादकानं, बेस ज्या खुंटीवर जमिनीवर उभा राहतो तिथून मायक्रोफोन वाद्याच्या पोटात बसवला. ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ यावरूनच अ‍ॅम्पेग या अ‍ॅम्प बनवणाऱ्या कंपनीचं नाव आलं.

आज आमच्यातले बहुतेक जण पिएझो पिकअप, म्हणजे वाद्याची कंपनं पकडून त्यांची वीज करणारा छोटा तुकडा, लावतात. काही पिकअप घोडीच्या, म्हणजे ब्रिजच्या, बाजूच्या खाचेत बसतात. रिअ‍ॅलिस्ट नावाचा पिकअप घोडीच्या पायाखाली जातो, तर फिशमनचा फुल सर्कल घोडीची उंची बदलणाऱ्या चाकातच असतो. माझा खाचेतला. बसायची जागा कुठलीही असो, पिएझोची एक गरज सारखीच असते, आणि मला फसवलं गेलं ते नेमकं तिथे. पिएझो म्हणजे विजेच्या हिशेबात एक छोटा कपॅसिटर, वीज साठवणारा भाग. अ‍ॅम्पच्या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), कमी असेल तर त्याचा खर्ज इनपुटवरच गळून जातो. वरचे सूर पोचतात, खालचे पोचत नाहीत. म्हणून 1 मेगाओहम इनपुट हे अगदी किमान समजतात आणि पिएझोसाठी मुद्दाम बनवलेल्या कित्येक प्रीअ‍ॅम्पना, म्हणजे पिकअप आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायच्या छोट्या पेट्यांना, 10 मेगाओहम असतं. बेस गिटारच्या चुंबकीय पिकअपला ही अट नाही. तो याच्या कितीतरी कमी इनपुटवरही भरदार वाजतो. हा फरक विकणाऱ्याला पक्का ठाऊक होता. मलाही ठाऊक होता, पण त्या दिवशी डोक्यात आला नाही.

फोनवर माणूस अगदी आपल्यातला वाटला. पिकअप कोणता, तारा कोणत्या, गजानं वाजवता की फक्त बोटांनी, सगळं आस्थेनं विचारलं. मी म्हटलं, बेस घेऊनच येते.

“अहो, एवढं धूड कशाला उचलून आणताय? माझ्याकडे बेस गिटार आहे, त्यावर ऐका. अ‍ॅम्प तो अ‍ॅम्पच.”

डबल बेस उचलून जिने चढणं काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्याला माझं ‘बरं’ समजेल.

अ‍ॅम्प खोलीच्या कोपऱ्यात होता. थेट जमिनीवर, गालिच्यावर, दोन्ही भिंतींना पाठ जवळजवळ टेकलेली. त्यानं ई ची तार छेडली आणि खर्ज असा भरून आला की पायाखाली जाणवला. मी म्हटलं, जरा मध्यभागी ओढून ऐकूया का? तर म्हणाला, वायर तेवढी लांब नाही. पाठीमागे दोन स्टिकर होते. एकावर ‘पिएझो इनपुट 10 मेगाओहम’ आणि दुसऱ्यावर ‘300 वॉट’. संध्याकाळी आणखी दोघं बघायला येणार आहेत, असं तो सहज बोलल्यासारखं दोनदा बोलला. मी पैसे दिले. त्यानं पावती केली, तिच्यात ‘तपासून घेतला, जसा आहे तसा’ हे शब्द घातले आणि मी खाली सही केली.

पहिल्याच कार्यक्रमात एका संथ गाण्यात खालच्या तारेवर गेले आणि सूर नाहीसा झाला. बोटांचा खडखड आवाज येत होता, तारेवरची टकटक येत होती, पण सुराचं अंग गायब. गज लावला तर पत्रा घासल्यासारखं कानाला बोचलं. मी खर्जाची चावी वाढवली. अजून वाढवली. तेवढ्यात जी ची तार, जिला मी हातही लावला नव्हता, आपोआप घुमायला लागली. मी पंजानं तार दाबली, तर आवाज थांबून क्षणात पुन्हा फुगला. फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज वाद्यात शिरून पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जाणं. पियानोवाला वाजवता वाजवता मान वळवून बघत होता. शेवटी मी अ‍ॅम्प बंद केला आणि उरलेलं गाणं नुसत्या लाकडावर वाजवलं.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. शांतपणे म्हणाला, “तुमचा पिकअप गेलाय. अ‍ॅम्प तर तुम्ही स्वतः ऐकून नेलात.”

मी विश्वास ठेवला. पिकअप बदलला. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून घोडीचे पाय पुन्हा पोटावर नीट बसवून घेतले. तारा बदलल्या. उजव्या हाताची ठेवण बदलली, बोटाचं मांस जास्त लागावं म्हणून रोज तासभर तेच करत बसले. दरम्यान दोन कार्यक्रम सोडले, कारण त्या अ‍ॅम्पसमोर उभं राहण्याची भीती बसली होती. या सगळ्या काळात एकदाही असं वाटलं नाही की अ‍ॅम्प उघडून पाहावा. स्टिकरवर 10 मेगाओहम लिहिलं होतं ना.

शेवटी एका तंत्रज्ञाकडे नेला. मागची जाळी काढताक्षणी तो म्हणाला, “हा स्पीकर यातला नाही.” 12 इंची भोक तेच, पण आत गिटारचा स्पीकर बसवलेला होता. मागचं लेबल खरवडलेलं, स्क्रूंची डोकी नवी, लाकडावर जुन्या, जास्त रुंद कडेचा गोल ठसा तसाच राहिलेला. गिटारच्या स्पीकरचा स्वतःचा अनुनाद साधारण 75 ते 100 हर्ट्झच्या आसपास असतो, त्याखाली तो झपाट्यानं पडतो आणि पडदा पुढेमागे फार हलूही शकत नाही. जी ची मोकळी तार 98 हर्ट्झ. तीच का बोंबलत होती, हे तिथे उभ्या उभ्या कळलं.

मग इनपुट. त्यानं एक स्थिर, खालच्या पट्टीतला सूर थेट इनपुटला दिला, आउटपुटला मीटर लावला, आणि नंतर मध्ये 1 मेगाओहमचा एक रेझिस्टर जोडला. ही युक्ती प्रत्येक डबल बेसवाल्यानं शिकून घ्यावी इतकी सोपी आहे. रेझिस्टर जोडल्यावर पातळी अर्ध्यावर, म्हणजे 6 डेसिबल खाली आली, तर इनपुटही 1 मेगाओहमचं. 10 मेगाओहम असेल तर जेमतेम 1 डेसिबल पडते. माझ्या अ‍ॅम्पवर ती 15 डेसिबल पडली. हिशेब आला 220 किलोओहम. मूळ इनपुटचा भाग कधीतरी जळला असावा, कारण त्या जागी भलत्याच सर्किटचा तुकडा चार तारांनी लटकवलेला होता. माझ्या पिकअपची कपॅसिटी सुमारे 2 नॅनोफॅरड. 220 किलोओहमवर अशा पिकअपचा खर्ज 360 हर्ट्झपासूनच उतरायला लागतो, आणि ई तारेच्या मूळ सुरापर्यंत येता येता त्याचा जेमतेम नववा हिस्सा उरतो. खऱ्या 10 मेगाओहमवर ही गळती ऐकूही येत नाही. चार महिने मी जो सूर बोटांनी परत आणायला बघत होते, तो या तुकड्यावर सांडत होता.

300 वॉटचं म्हणाल तर तो आकडा 4 ओहमवरचा, म्हणजे बाहेरून दुसरी पेटी जोडल्यावरचा. एकट्या 8 ओहमच्या स्पीकरवर त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात. ही लबाडी सगळेच करतात आणि तिनं माझं फारसं नुकसान केलं नाही, कारण निम्मी शक्ती म्हणजे फक्त 3 डेसिबल. ब्रशवर वाजणाऱ्या त्रिकुटाला स्पीकर बरा असेल तर 100 वॉटही पुरतात. स्पीकर लहान दिसला म्हणूनही घाबरू नका. 8 किंवा 10 इंची चांगला स्पीकर 41 हर्ट्झ पूर्ण देत नाही, पण त्याच्या वरचे अंश नीट देतो आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो. माझ्याकडे तेही नव्हतं, कारण वरचे अंश 82, 123 असे चढत जातात आणि तेसुद्धा त्याच गळतीत सापडत होते.

आणि तो कोपरा. जमीन आणि दोन भिंती मिळून खर्जाला फुकटची भर घालतात. खालच्या सुरांना एकेक पृष्ठभाग 6 डेसिबलपर्यंत देऊ शकतो. स्पीकरची उणीव त्यानं कोपऱ्यानं झाकली आणि इनपुटची उणीव बेस गिटारनं. वायर आखूड नव्हतीच. घरी आणल्यावर मोजली, चांगली तीन मीटर भरली.

मी पावती घेऊन पुन्हा त्याच्याशी बोलले, तंत्रज्ञानं लिहून दिलेलं पाठवलं. ‘जसा आहे तसा’ एवढंच उत्तर आलं, मग उत्तरही बंद झालं.

तर कुणी वापरलेला अ‍ॅम्प बघायला जाणार असाल, तर कृपा करून आपला बेस, आपला पिकअप आणि आपली वायर घेऊन जा. जिने असले तरी. अ‍ॅम्प भिंतीपासून दूर ओढा, शक्य असेल तर खुर्चीवर ठेवा, सगळ्या चाव्या मधोमध करा आणि ई तारेवरून एकेक सूर वर चढत जा. मग कार्यक्रमात लागेल तेवढा आवाज करून तारांवरचा हात काढून घ्या, घुमतंय का ऐका. मागची जाळी उघडू देत नसतील तर परत या. मल्टिमीटर जवळ असेल तर स्पीकरच्या टोकांवर लावा: 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 दाखवतो, 4 ओहमचा 3 ते साडेतीन. त्यानं स्पीकर बदललाय का ते कळत नाही, पण भलत्याच ओहमचा घातला असेल किंवा कॉइल जळली असेल तर लगेच कळतं. आणि घरी आणल्यावर बिनसलं, तर पिकअपला हात लावण्याआधी दुसऱ्या कुणाच्या अ‍ॅम्पवर वाजवून बघा. मला हे करायला दहा मिनिटं लागली असती.

अ‍ॅम्प अजून माझ्याकडेच आहे. तंत्रज्ञानं त्यात बेसचा स्पीकर बसवला, आतला तो तुकडा काढला, आणि पुढे मी 10 मेगाओहमचा वेगळा प्रीअ‍ॅम्प लावते, ज्यात 35 हर्ट्झखालचं कापायची सोय आहे. गेल्या कार्यक्रमात तेच संथ गाणं पुन्हा घेतलं आणि ई ची तार शेवटपर्यंत टिकली. पाठीमागचे दोन्ही स्टिकर मी ओलं फडकं लावून खरवडून काढले. तिथे आता एक कागद चिकटवलाय, त्यावर तंत्रज्ञाच्या अक्षरात मोजलेले आकडे आहेत, स्पीकर कधी बदलला ते आहे, आणि आत मूळचं काय काय उरलं नाही तेही आहे.