शकुंतलेची सेवा आणि मूर्तिजापूर जंक्शन

शकुंतला, म्हणजे विदर्भातल्या मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी छोटी रेल्वे, आता धावत नाही. तरी तिच्या सेवेचं मोल करायचं तर आधी मूर्तिजापूरचा मालधक्का समजून घ्यावा लागतो. यवतमाळकडची 113 किलोमीटरची आणि अचलपूरकडची 76 किलोमीटरची लाइन अडीच फुटी नॅरोगेज, तर मुंबई-नागपूर मार्ग साडेपाच फुटी ब्रॉडगेज. डबा या रुळावरून त्या रुळावर जाणं शक्यच नव्हतं. त्यामुळे दारव्हा, कारंजा, अंजनगावकडच्या कापसाच्या गाठी इथे उतरवून मोठ्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवाव्या लागत. एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या घरातली. हमाल, गाडीवान, अडते, इंजिनाचा कोळसा-पाणी, या सगळ्यांमुळे गाव वाढलं.

प्रवासी सेवा म्हणून शकुंतला गरिबाची खरी सोय होती. तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि लहान लहान स्थानकांवरही गाडी थांबायची. जिथे कर्मचारी नसे तिथे गार्डच तिकीट फाडायचा. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. वेग मात्र वाढला नाही, कारण दुखणं इंजिनात नव्हतंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडी कमी पडली की रूळ खचतात, लाकडी स्लीपर कुजतात, आणि मग वेगावर बंधन येतं. ताशी वीसच्या चालीने यवतमाळला जायला सहा तास लागणार, आणि फेरी दिवसाला एकच. शिवाय लाइन खाजगी कंपनीच्या मालकीची आणि गाडी चालवणार रेल्वे, मग रुळांवर पैसा कोण घालणार?

तरीही जंक्शनला खरा फटका ट्रकने दिला. जिनातून, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, निघालेली गाठ थेट गिरणीत पोचू लागली आणि धक्क्यावरचं काम संपलं. मागे उरलेला प्रवासी गाडी बदलून पुढे जायचा, त्याच्यावर बाजारपेठ जगत नाही.

आता या लाइनचं ब्रॉडगेज झालं तरी ती मालाची चढउतार परत येणार नाही. यवतमाळ, दारव्हा तर वर्धा-नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या ब्रॉडगेज मार्गावरच आहेत. म्हणून आधी अचलपूरची लाइन ब्रॉडगेज करावी. दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या गावांना मुख्य मार्गाशी जोडणारा रूळ तेवढाच आहे.