टेक्सासमधलं डबल-वाइड घर, एफएचए कर्ज आणि पायाचा दाखला: एका उन्हाळ्यानंतर

ऑस्टिनच्या पूर्वेला जुनं डबल-वाइड घेतलं. कारखान्यात दोन भागांत तयार झालेलं, चाकांवरून आणून जागेवर जोडलेलं. अख्खा उन्हाळा त्यात काढलाय, आता लिहायला हरकत नाही.

एफएचए कर्जात, म्हणजे अमेरिकी सरकारचा विमा असलेल्या गृहकर्जात, व्याजापेक्षा जास्त डोकं खातो तो पाया. घर 15 जून 1976 किंवा त्यानंतरचं हवं, हे पहिलं. प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला बाहेरून ‘हड’ची, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, लाल पट्टी असते. घराची माहिती छापलेली डेटा प्लेट आत. आमची स्वयंपाकघरातल्या कपाटात सापडली. साइडिंग, म्हणजे भिंतींवरचं बाहेरचं आवरण, बदलताना कुणी पट्टी उपटली असेल तर या पट्ट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयबीटीएस या संस्थेकडून पडताळणीचं पत्र आणायचं.

खरी परीक्षा इंजिनीअरची. पाया कायमस्वरूपी आहे या दाखल्यावर राज्याचा परवाना असलेल्याच माणसाचा सही-शिक्का लागतो. होम इन्स्पेक्टरचा अहवाल इथं कामाचा नाही. आमचा इंजिनीअर घराखालची जागा झाकणारं स्कर्टिंग काढून टॉर्च घेऊन थेट सरपटत खाली गेला. चेसिसचे बीम, ठोकळ्यांचे खांब, खालचं काँक्रीट किती रुंद, किती खोल, सगळं टेपनं मोजून फोटो काढले. हे सगळं हडच्या 1996च्या मार्गदर्शिकेशी ताडून बघतात. तिथंच अडलं. जमिनीत पिळून बसवलेले अँकर आणि पट्टे त्यात कायमस्वरूपी धरत नाहीत. वारा घराला आडवा ढकलतो, वर उचलतो. तो भार काँक्रीटमध्ये उतरायला हवा. विकणारा म्हणे, “इतकी वर्षं उभंच आहे की!” शेवटी घासाघीस करून त्याच्याच खर्चानं बीमपासून काँक्रीटपर्यंत तिरपे पोलादी आधार बसवून घेतले, मग दाखला मिळाला.

पण दाखला म्हणजे घर हलणारच नाही असं नव्हे. इथली काळी चिकणमाती थेट मराठवाड्याची आठवण देते: कोरडी पडली की भेगा, भिजली की फुगणार. ऑगस्टमध्ये दोन भागांच्या जोडाजवळचं दार चौकटीला घासायला लागलं. लेव्हलिंगवाल्यानं खांबांवरच्या पाचरी सारख्या केल्या, दार सुटलं. पन्हळीचं पाणी पायापासून लांब सोडलं, हा खर्च मात्र सगळ्यात सार्थकी लागला.

आता पोर्चवर छप्पर घालायचंय. घराला जोडलं तर पुढच्या कर्जाच्या वेळी त्याचीही तपासणी आली, म्हणून ते स्वतःच्या खांबांवर उभं करतोय.