हेलिकॉप्टर आवडणारे शिक्षक आणि मुलाला परक्यासारखी हाक मारणारा बाप : ‘क्लॅनाड’ व ‘ह्योका’

गेल्या पावसाळ्यात ‘क्लॅनाड’ ही व्हिज्युअल नॉव्हेल मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पूर्ण केली आणि ती संपल्यावर आठवड्याभरातच ‘ह्योका’ ही बावीस भागांची रहस्यप्रधान ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका पुन्हा पाहिली. एक प्रेमकथा आहे आणि दुसरी रहस्यकथा. पहिलीत वाचकाला वाट निवडावी लागते, तर दुसरीत केवळ पाहत राहायचे असते. तरीही लागोपाठ अनुभवल्यामुळे असेल, पण दोन्ही कलाकृती एकाच प्रश्नाशी झटत आहेत असे मला प्रकर्षाने जाणवले. समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे आपल्याला कितपत कळते आणि ते कळले अशी आपली खात्री झालेली असते तेव्हा आपण किती चुकलेले असतो, हा तो प्रश्न. पुढे दोन्ही कथांमधले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत, तेव्हा ज्यांना कोऱ्या मनाने अनुभव घ्यायचा आहे त्यांनी वाचन येथेच थांबवलेले बरे.

व्हिज्युअल नॉव्हेल या प्रकाराशी परिचय नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. पडद्यावर पार्श्वभूमीचे चित्र, त्यावर पात्राची आकृती, खाली मजकुराची चौकट, सोबत संगीत आणि आवाज असे तिचे स्वरूप असते. आपण वाचत जायचे आणि मधूनमधून समोर येणाऱ्या पर्यायांतून एक निवडायचा. त्या निवडींनुसार कथा एखाद्या पात्राच्या वाटेला वळते आणि चाहते त्या वाटेला ‘रूट’ म्हणतात. ‘की’ या जपानी ब्रँडची ‘क्लॅनाड’ २००४ साली विंडोजसाठी प्रसिद्ध झाली. जुन माएदा हे तिचे प्रमुख लेखक, तर पात्रांची चित्रे इतारू हिनोउए यांची आहेत. मूळ आवृत्तीत पात्रांना आवाज नव्हते, ते पुढच्या आवृत्त्यांत आले. मी वाचली ती २०१५ साली स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानात आलेली इंग्रजी आवृत्ती. तिच्यात जपानी आवाज आहेत, शिवाय जपानी संदर्भ उलगडून सांगणारा ‘डांगोपिडिया’ नावाचा छोटा कोशही आहे आणि त्याचा मला मनापासून उपयोग झाला.

कथेचा नायक तोमोया ओकाझाकी हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेला, उशिरा येणारा, आपल्या गावाचा तिटकारा करणारा मुलगा आहे. शाळेकडे जाणाऱ्या चढावर, फुललेल्या चेरीच्या झाडांखाली त्याला नागिसा फुरुकावा भेटते. आजारपणामुळे तिचे एक वर्ष वाया गेले आहे, बरोबरीच्या मैत्रिणी शाळा सोडून पुढे निघून गेल्या आहेत आणि तो चढ चढण्याचे धैर्य गोळा करण्यासाठी ती स्वतःशीच आवडत्या पावाचे नाव उच्चारते. मुलगी बिचारी खाऊचे नाव घेऊन धीर गोळा करते आहे, एवढ्या एका तपशिलाने ती माझ्या मनात घर करून बसली.

तोमोयाच्या घरचे दुःख मात्र मला सगळ्यांत खोलवर लागले. वडिलांशी झालेल्या झटापटीत त्याच्या उजव्या खांद्याला इजा झाली, हात खांद्याच्या वर जाईना आणि बास्केटबॉल कायमचा सुटला. त्यानंतर वडील त्याच्याशी अतिशय सौम्यपणे, अदबीने बोलू लागतात आणि त्याला ‘तोमोया-कुन’ म्हणतात; ‘कुन’ हा जपानीत मुलांच्या नावापुढे लावला जाणारा, घरच्या माणसाच्या तोंडी परका वाटणारा प्रत्यय आहे. इंग्रजी मजकुरात या संबोधनाचा काटा बोथट होतो, परंतु मराठी वाचकाला तो लगेच कळेल. काल-परवापर्यंत ‘अरे-तुरे’ करणारा, रागावणारा, प्रसंगी हात उगारणारा बाप एके दिवशी पोटच्या मुलाला ‘अहो’ म्हणू लागला, तर त्या घरात काय उरले असेल? शिवी दिली असती तरी नाते शिल्लक राहिले असते. या मवाळ हाकेने तेही पुसले जाते आणि म्हणूनच तोमोया रात्री-अपरात्री घराबाहेर राहतो.

इतर पात्रांच्या रूट्समध्ये मला कोतोमी इचिनोसे हिची कथा सर्वोत्तम वाटली. ग्रंथालयात अनवाणी बसून पुस्तके वाचणारी ही अतिशय हुशार मुलगी लहानपणीच आईवडिलांना मुकली आहे. विमान अपघाताच्या अखेरच्या क्षणी तिच्या वडिलांनी आपल्या बॅगेतले मोलाचे संशोधन काढून टाकले आणि तिच्या वाढदिवसाचे टेडी बेअर त्यात ठेवले. ती बॅग अनेक देशांतील अनोळखी माणसांच्या हातून पुढे पुढे सरकत वर्षांनंतर कोतोमीपर्यंत पोहोचते. ही मुलगी वर्षानुवर्षे समजत होती की आईवडिलांना आपल्यापेक्षा संशोधन प्रिय होते आणि बॅग उघडेपर्यंत वाचकही तसेच समजत असतो. त्या रात्री पुढे वाचणे मला शक्य झाले नाही. फुको इबुकीची लाकडी तारामाशांची गोष्टही हृद्य आहे, पण तिच्यातला विनोद मला जरा लांबलेला वाटला.

शाळेचे दिवस संपल्यानंतरचा उत्तरार्ध, म्हणजेच ‘आफ्टर स्टोरी’, हा या कृतीचा खरा गाभा आहे. तो आपोआप उघडत नाही. इतरांच्या कथा नीट पार पाडून प्रकाशाचे छोटे गोळे मिळवावे लागतात. सुरुवातीला मला ही अट निव्वळ वेळकाढूपणाची वाटली होती. मात्र तोमोया वीजतंत्री म्हणून खांबांवर चढू लागतो, हातांना घट्टे पडतात, नागिसाशी लग्न होते आणि एका हिमवर्षावाच्या रात्री कन्येला जन्म देऊन ती जाते, तेव्हा या अटीचा अर्थ माझ्या ध्यानात आला. उत्तरार्धात निवडीचे प्रसंग विरळ होत जातात आणि नागिसाला वाचवणारा पर्याय तिथे समोर येतच नाही. फळाला येते ते इतरांच्या दुःखाशी आपण किती वेळ बसलो तेवढेच. प्रेमकथेच्या खेळात ‘योग्य उत्तर दिले की मुलगी मिळते’ हा जो हिशेब असतो, तो लेखकाने येथे पार उधळून लावला आहे.

पत्नीच्या मृत्यूनंतर तोमोया पाच वर्षे मुलीकडे, उशिओकडे, पाठ फिरवतो आणि तिला आजी-आजोबा वाढवतात. मग आजी सानाए युक्तीने दोघांनाच एका प्रवासाला धाडते. प्रवासात त्याने घेऊन दिलेला खेळण्यातला रोबो फुलांच्या माळावर हरवतो आणि उशिओ तो संध्याकाळ होईपर्यंत शोधत राहते. दुसरा घेऊ, असे त्याने सांगितले तरी ती ऐकत नाही, कारण बाबांनी दिलेली ती पहिलीच वस्तू आहे. याच माळाजवळ तोमोयाची स्वतःच्या आजीशी भेट होते आणि वडिलांनी एकट्याने आपल्याला कसे वाढवले हे त्याला प्रथमच कळते. ज्या माणसाचा त्याने इतकी वर्षे द्वेष केला त्याच्याच वाटेने आपण पाच वर्षे चाललो, ही जाणीव लेखकाने एकही उपदेशपर वाक्य न लिहिता करून दिली आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. तोमोयाचा मित्र सुनोहारा याच्या खोड्यांचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कंटाळा आणतात. वाचलेला मजकूर झपाट्याने पुढे सरकवण्याची सोय आहे म्हणून निभावते. काही दुय्यम रूट्स उरकल्यासारखे वाटतात. मोठाल्या डोळ्यांची चित्रशैलीही अंगवळणी पडायला वेळ लागतो. नागिसा अखेर वाचते त्या शेवटच्या चमत्काराविषयी चाहत्यांत दोन तट आहेत आणि मी नाराजांच्या बाजूला आहे. तो वाचताना मला रडू आले हे खरे, पण त्या चमत्काराने आधीच्या दुःखाचे वजन थोडे कमी होते असे मला आजही वाटते.

‘ह्योका’ या मालिकेत कोणाचाही खून होत नाही. होनोबु योनेझावा यांच्या कादंबरीमालिकेवरून क्योतो ॲनिमेशनने ती २०१२ मध्ये यासुहिरो ताकेमोतो यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केली. ‘क्लॅनाड’चे ॲनिमे रूपांतरही याच स्टुडिओचे आहे. २०१९ मध्ये स्टुडिओवर झालेल्या जाळपोळीच्या हल्ल्यात छत्तीस जणांनी प्राण गमावले. ताकेमोतो आणि या मालिकेतील पात्रांचे रेखाटन करणारे फुतोशी निशिया हे दोघेही त्यांत होते. पुन्हा पाहताना प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीपाशी मी थांबत होतो.

होतारो ओरेकी हा नायक शक्य तितकी शक्ती वाचवून जगणारा. करावे लागणार नसेल ते तो करीत नाही आणि करावेच लागले तर चटकन उरकून टाकतो. शाळेच्या अभिजात साहित्य मंडळात त्याची गाठ एरु चितांदाशी पडते आणि तिच्या तोंडचे ‘वाताशी, कि नि नारिमासु’ हे वाक्य मालिकेचा तोंडवळाच ठरले आहे. इंग्रजी उपशीर्षकांत ते केवळ कुतूहल होऊन उरते. ‘मला राहवत नाही’ हे आपले मराठी वाक्य मला त्याच्या अधिक जवळचे वाटते, कारण त्यात नुसती जिज्ञासा नसून जिवाची घालमेलही आहे.

आठव्या ते अकराव्या भागांतील चित्रपटाचे प्रकरण रहस्यकथेच्या चाहत्यांनी अवश्य पाहावे. एका वर्गाचा चित्रपट अर्धवट राहिला आहे, पटकथा लिहिणारी मुलगी आजारी पडली आहे आणि शेवट काय असावा हे ओरेकीला शोधायचे आहे. तो सुरेख, टाळ्या मिळवणारा शेवट शोधतो. मात्र लेखिकेने मागवलेल्या दोराचा त्यात कुठेच उपयोग झालेला नाही, हे त्याच मंडळातल्या माझ्या लाडक्या इबाराच्या लक्षात येते. ओरेकीने पटकथेचे कोडे सोडवले, परंतु ज्या मुलीला आपल्या कथेत कोणी मरायला नको होते तिचे मन त्याने विचारातच घेतले नव्हते. आपल्या हुशारीचे कौतुक ऐकून सुखावलेल्या मुलाचा चेहरा हळूहळू उतरत जातो ते दृश्य फार प्रामाणिक आहे.

सर्वांत आवडता भाग मात्र अठरावा. शाळेत असताना हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून वर्ग सोडून खिडकीशी धावलेले आणि ‘मला हेलिकॉप्टर आवडतात’ असे सांगणारे ओगी नावाचे शिक्षक ओरेकीला आठवतात. पण त्या एका दिवसाखेरीज त्यांनी हेलिकॉप्टरकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते, हेही त्याला आठवते. एरवी पाऊलही न उचलणारा हा मुलगा स्वतःहून ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे चाळतो. त्या सुमारास ओगींचे गिर्यारोहक सोबती डोंगरात बेपत्ता होते, हवा खराब असल्याने शोध थांबला होता आणि हेलिकॉप्टर उडाले याचा अर्थ आकाश मोकळे झाले होते. एवढे कष्ट का घेतलेस, असे चितांदा विचारते. खरी गोष्ट ठाऊक नसताना ‘ओगी सरांना हेलिकॉप्टर फार आवडायची’ असे हसत बोलून जाणे निर्दयपणाचे ठरले असते, अशा आशयाचे उत्तर तो देतो. ते शिक्षक त्याला पुन्हा भेटण्याची शक्यताही जवळपास नसते. गुन्हा नाही, संशयित नाही, बक्षीस नाही; केवळ एका माणसाविषयी आपल्या तोंडून चुकीचे वाक्य जाऊ नये म्हणून केलेला तपास. रहस्यकथेत तपासाला इतके सभ्य कारण मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

सुरुवातीचे भाग संथ आहेत आणि शालेय महोत्सवाचे सहा भागांचे प्रकरण काहींना ताणलेले वाटेल. मला ते गजबजलेले, जिवंत वाटले. बीथोव्हेन आणि बाख यांच्या रचनांचा वापर अतिशय संयमाने केला आहे. गिफू प्रांतातील ताकायामा शहरावर बेतलेले कथेतले कामियामा शहर तर इतक्या मायेने रंगवले आहे की त्या नदीकाठाने आपणच घरी परततो आहोत असे वाटते.

दोन्हींपैकी आधी काय घ्यावे, असे कोणी विचारले तर मी ‘ह्योका’ सुचवीन, कारण ती आठवडाभरात संपते, तर ‘क्लॅनाड’ला माझे जवळजवळ अडीच महिने लागले. फक्त ‘ह्योका’चा बाविसावा भाग रात्री निवांतपणे, एकट्याने पाहावा. सजीव बाहुल्यांच्या, म्हणजे बाहुल्यांचा वेश केलेल्या माणसांच्या, मिरवणुकीनंतर संध्याकाळी चितांदा ओरेकीला आपले शेतशिवार दाखवते, आपण पुढे इथेच परतणार असल्याचे सांगते आणि व्यवसायाची बाजू आपल्याला जमणार नाही हेही कबूल करते. ती बाजू मी सांभाळली तर, असे विचारण्यासाठी त्याचे ओठ हलू पाहतात. तो प्रश्न तो मनातल्या मनात पुरा विचारतोही, पण प्रत्यक्षात गारवा वाढल्याचे तेवढे बोलतो. त्यावर ती नकारार्थी मान हलवते आणि वसंत आलेला आहे असे सांगते.