‘रन’ या एका शब्दावरून कोशाची पारख

मोठ्या कोशाची पारख करायची, तर त्यातला अवघड शब्द नव्हे, अगदी साधा शब्द उघडावा, असे मला वाटते. म्हणून ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या ऑनलाइन आवृत्तीत मी ‘रन’ हे क्रियापद वाचायला घेतले. १९८९च्या २० खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ची होती, पुढे सुधारित ‘रन’ ६४५ अर्थांसह तिच्या पुढे गेला. अर्थ ऐतिहासिक क्रमाने, सालवार अवतरणांसह मांडलेले असल्यामुळे, पायांनी धावण्यापासून पाणी वाहणे, यंत्र चालणे, संस्था चालवणे इथपर्यंत हा शब्द कसा पोहोचला, ते उलगडत जाते. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे जवळचे संपणे, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, ‘रन अ टेम्परेचर’ म्हणजे अंगात ताप असणे; यांत धावणे कुठेच उरलेले नाही. (आपले ‘लागणे’ही असेच आहे: भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते.) झटपट अर्थ हवा असणाऱ्या विद्यार्थ्याने लहान कोशच वापरावा, कारण येथे वापरातून गेलेले अर्थही तितक्याच आस्थेने जपलेले आहेत, आणि मला तीच या नोंदीची खरी श्रीमंती वाटते.