बोय मासा पकडायला गळाच्या दोरीला पाण्यावर तरंगणारा फ्लोट लावू की तळाला बसणारं शिशाचं वजन?

मुंबईतल्या मनोरी खाडीवर गळ टाकणारा एक मित्र यातच अडकलाय म्हणून लिहितोय. आधी बोय खाते कशी ते बघा, तोंड लहान, चिखलावरचं शेवाळ आणि कुजलेला गाळ चोखून घेते, सोबत वाळूही जाते आणि जाड स्नायूंच्या पोटात सगळं दळलं जातं. म्हणजे मोठा गळ आणि कोळंबीचा तुकडा दोन्हीकडे बिनकामाचा, बारीक गळाला कणीक किंवा पाव लावा.

खर्च दोन्हीला किरकोळच.

शिसं लावलं की आमिष बोय चरते तिथेच पडतं आणि पाण्याला ओढ असली तरी जागेवर राहतं, पण तिथे चिंबोऱ्या (खेकडे) आणि शिंगाळे मासे आधी पोचतात, शिवाय बोय हळूच चोखते ते हाताला कळतच नाही. फ्लोटला तेच लगेच दिसतं, आणि भरतीला बोयींचा थवा वर आला की आमिष त्यांच्याच उंचीवर ठेवता येतं, फक्त वारा आणि ओढ जास्त असली की फ्लोट वाहत जातो, सारखं लक्ष ठेवावं लागतं. ओठ नाजूक असतात, जोरात हिसका देऊ नका.

बोयच हवी असेल आणि पाणी शांत असेल तर माझ्या मते फ्लोटच. शिसं त्यांच्यासाठी, ज्यांना जोराच्या ओढीत बसायचंय आणि शिंगाळा मिळाला तरी चालतो.