बांधावर काय लावायचं : वाळा की गवती चहा?

पावसाच्या तोंडावर रोपवाटिकेत ही दोन रोपं काळ्या पिशव्यांत शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही नुसतं गवत दिसतं. मी एकदा वाळा म्हणून पन्नास पिशव्या आणल्या, बांधावर लावल्या. महिन्याभरानं पुतण्यानं एक पान चुरगाळलं आणि म्हणाला, "काका, हा तर चहा आहे!"

ओळखायची सोपी खूण तीच. चहाच्या पानाला वास येतो. वाळ्याचं पान कितीही चुरगाळा, काही नाही. त्याचा सगळा सुगंध मुळांत.

दोन्ही वर्षानुवर्षं टिकणारी, ठोंब करून वाढणारी गवतं. हरळीसारखी रानभर धावत नाहीत. पण ठोंबाच्या बुडाशी वाकून बघा. वाळ्याच्या फुटव्याचं बूड चपटं, पानं एकात एक दुमडून पंख्यासारखी निघालेली. चहाचं बूड गोल, जाडसर, पांढरट, पातीच्या कांद्यासारखं. वाळ्याची पाती सेंटिमीटरभरही रुंद नसतात, पण ताठ, आणि ठोंब दीड-दोन मीटर उंच होतो. चहाची पानं निळसर हिरवी, रुंद, मीटरभर वाढली की टोकाकडून ओणवतात. कडांनी बोट दोन्हींच्या कापतं. वाळ्याला जांभळट तुरा येतो, चहाला आपल्याकडे क्वचितच.

तुऱ्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण नाही. दक्षिणेकडचा लागवडीचा वाळा सहसा रुजणारं बी धरत नाही, म्हणून तण होत नाही. उत्तरेकडचा रानटी वाळा बी धरतो. ठोंब कुठून आणला, हे विचारूनच घ्या.

खरा फरक जमिनीखाली आहे. चहाच्या मुळ्या तंतुमय, वरच्या थरातच जाळं करतात. वाळ्याच्या सरळ खाली उतरतात, भुसभुशीत मातीत तीन मीटर आणि त्याहून खोल. वर ताठ पात्यांची भिंत पाण्याचा जोर मोडते, गाळ मागे अडतो. ठोंब गाळात बुडाला तरी पेरांना नव्या मुळ्या फुटून वर सरकतो. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी हद्दीवर पिढ्यान्‌पिढ्या वाळाच लावत आले. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी 1980च्या दशकात त्याचा प्रचार केला, तो नंतरचा.

मेख एकच. वाळ्याची किंमत मुळांना, आणि मुळं काढायची तर बांध खणावा लागतो. म्हणजे राखण तरी, नाहीतर पैसा. दोन्ही हवं असेल तर विक्रीचा वाळा वेगळ्या वाफ्यात करा. चहाचं तसं नाही. पानं कापा, पुन्हा फुटतो. तीन-चार कापण्या वर्षाला सहज होतात. मात्र चार-पाच वर्षांनी ठोंब म्हातारा होतो, फोडून नवा लावावा लागतो. शिवाय पाणी तुंबलं की कुजतो, वाळा तिथेही तगतो. सावली मात्र वाळ्याला सोसत नाही, आंब्याखाली लावू नका.

वैरणीसाठी विचारत असाल तर दोन्ही सोडा, हत्तीगवत लावा. कोवळा वाळा गुरं खातात, जून झाला की तोंड फिरवतात.

तेव्हा उतार असेल तर वाळाच: समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडवी, सारख्या उंचीवर एकच रांग, दोन फुटव्यांत 10 ते 15 सेंटिमीटर. चहा परसात, पाणी न साचणाऱ्या जागी, पाच-सहा ठोंब पुरे.

माझी ती पन्नासांची रांग अजून आहे. दोन पावसांत खालची माती गेली, ठोंब उघडे पडलेत. शेजारीण मात्र रोज संध्याकाळी पाती न्यायला येते.