कंपनी बदलू की आतल्या आत टीम?

परवा भाचा वाकडहून आला, चहावर साय धरली तरी कपाकडे बघत बसलेला. म्हणाला, मामा, चार वर्षं आठ महिने झाले, तीच सपोर्टची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी, उघडायची नि बंद करायची, आता कंपनी बदलू की इथेच दुसरी टीम मागू?

पैशाचं बघितलं तर बाहेर पडणंच बरं, आत टीम बदलून पगार फारसा हलत नाही. पण पर्मनंट माणसाला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेसाठी, सलग 5 वर्षं लागतात, दर वर्षामागे 15 दिवसांचा बेसिक नि डीए (महागाई भत्ता) मिळतो, तो थोडक्यासाठी कशाला सोडायचा? त्याला म्हटलं दोन महिन्यांनी राजीनामा दे, 90 दिवसांची नोटीस धरून 5 वर्षं भरतात. पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, कंपनी बदलली तरी तोच राहतो.

मेहनत बाहेरच जास्त, रात्री जागून इंटरव्ह्यूची तयारी. आत मात्र सगळं मॅनेजरच्या हातात, तो सोडेना म्हणून मी दीड वर्ष लटकलो होतो, फार मनस्ताप झाला. तोंडी आश्वासन नको, मेलवर तारीख घ्या.

कंपनी बरी पण काम तेच तेच झालंय, घराचा हप्ता चालू आहे, त्यांनी आतच दुसरी टीम मागावी. दोनदा टोलवलं असेल तर खराडी-बाणेरच्या दुसऱ्या कंपन्यांचे कॉल उचलायला लागा.